‘जा’चा मेसेज

४ सप्टेंबर २००६, भोर
वेल्ह्याच्या रस्त्याचा एक पट्टा पावसात खचलाय. एका वेळी एकच गाडी जाते, वळणामुळे पलीकडचं दिसत नाही. सध्या सरूबाई तिथे लाल फडकं घेऊन बसतात. फडकं! माझ्या पीएच.डी.चा विषयच हा: फिरत्या, एकाच वेळी चालणाऱ्या यंत्रणा बिनचूक असल्याचं गणितानं सिद्ध करणं. ड्रायव्हरनं मी शिकवतो त्या कॉलेजच्या कॉम्प्युटरला मेसेज करायचा. कॉम्प्युटर एकालाच ‘जा’ म्हणेल; त्यानं पलीकडून ‘पोचलो’ कळवलं की मगच दुसऱ्याला.

९ सप्टेंबर
सिद्धता पूर्ण. एकतीस पानं. दोन गाड्या वळणावर समोरासमोर येणं अशक्य. रुकसानानं विचारलं, मेसेज उशिरा पोचला तर? लगेच पोचतो असं पान दोनवर गृहीत धरलंय, म्हटलं. बायकोला पान दोन कळत नाही.

१३ सप्टेंबर
जीपवाले बाजीराव आणि दुधाच्या टेम्पोचे चिमाजी तयार झाले. घाटात रेंज येते-जाते, असं बाजीरावांचं म्हणणं. तो मोबाईल कंपनीचा प्रश्न. सरूबाईंना घरी पाठवलं. आणखी दोन दिवस बसते म्हणत होत्या. कशाला?

१५ सप्टेंबर
पहिला दिवस यशस्वी. गाड्या समोरासमोर एकदाच आल्या, तेही हळू. चिमाजींनी चुकीचं बटण दाबलं असणार.

१६ सप्टेंबर
पहाटे उठून प्रबंध लिहायचा होता. गजर वाजला नाही. की वाजला, आणि मलाच ऐकू आला नाही?

१८ सप्टेंबर
बाजीराव ‘पोचलो’ न कळवताच चहाला थांबतात, चिमाजी ताटकळतात. सुधारणा केली: दहा मिनिटांत ‘पोचलो’ आलं नाही तर परवानगी रद्द, रस्ता दुसऱ्याला. सिद्धता पुन्हा तपासायला हवी. रविवारी.

२१ सप्टेंबर, सकाळी ११
जीप आणि टेम्पो धडकले. जीप दरीच्या काठावर अडकली, आत सात पॅसेंजर. वळण तेच का, दोनदा विचारलं. तेच. सिद्धतेप्रमाणे हे होऊच शकत नाही.

२२ सप्टेंबर
पॅसेंजरांचं खरचटण्यावर निभावलं. बाजीरावांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दवाखान्यात गेलो, समजावून सांगायला एकतीस पानं घेऊन. त्यांनी उशाखालचा मोबाईल दिला. ‘जा’ नऊ दहाला सुटलेला. रेंज नव्हती, त्यांना मिळाला नऊ पंचवीसला. नऊ वीसलाच कॉम्प्युटरनं रस्ता चिमाजींना दिला होता.
“सर, म्या थांबलो व्हतो. मोबाईल जा म्हनला, म्हून गेलो. माजी चूक झाली का?”
मी नाही म्हणालो.
मग कुणाची, हे त्यांनी विचारलं नाही.