अठरा तारखेच्या आत

१० फेब्रुवारी

वहिनीस,

अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, तिकडेही असेल. परवा माझा भाऊ शाळेची बस घेऊन माझ्या शिवणाच्या दुकानासमोरून गेला. हॉर्न वाजवला, पण थांबला नाही. कुणी थांबू नको म्हणून सांगितलं असेल, तर तेही कळव.

चार थांबे पलीकडे राहणाऱ्या माणसाला पत्र कोण लिहितं, असं तू म्हणशील. पण समोरासमोर बोलायला बसलं की तू शांतपणे उत्तरं देतेस आणि मला पुढचं सुचेनासं होतं. शिवाय लिहिलेलं पुराव्याला राहतं.

तर मुद्द्यावर येते. क्रेडिट कार्डाचं बिल आलं. ऑगस्टमध्ये मी तू नोकरी करतेस त्या दुकानातून कापडाच्या कडा बांधायचं मशीन घेतलं, अठ्ठेचाळीस हजारांचं. काउंटरवर तूच होतीस. ‘वन्सं, कार्डावर घ्या, बारा महिने बिनव्याजी, महिन्याला फक्त चार हजार,’ असं तूच म्हणालीस. मी तेव्हाच म्हटलं होतं, बँक काय माझी मावशी लागते फुकट उधार द्यायला? तू हसलीस. पहिल्याच महिन्यात नऊशे साठ ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून लागले. विचारलं तर म्हणालीस, तुम्ही सही करताना हे मी वाचून दाखवलं होतं. असेल. सही करताना माणसाचं लक्ष सहीकडे असतं.

आणि आता या बिलात नऊशे ऐंशी व्याज. बिनव्याजी कार्डावर व्याज! वर आणखी कसला तरी सहाशेचा आकार. मी एकही महिना चुकवलेला नाही. सप्टेंबर ते डिसेंबर चार-चार हजार मोजून तुझ्या हातात दिले. जानेवारीत तू तापाने पडलीस, तेव्हा मी स्वतः बँकेत जाऊन रांगेत उभी राहिले आणि भरले. पावती जपून ठेवली आहे. मग हे पैसे जातात कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय, वहिनी.

कुणावर उगाच आळ घ्यायचा माझा स्वभाव नाही. पण मला डोळे आहेत. ऑगस्टनंतर तुमच्या घरात ती निळी प्रवासाची बॅग आली. एक कार्ड खपवलं की एक बॅग, असं तुमच्या दुकानातल्या झाडूवाल्या बाईंनीच मला सांगितलं. बॅग मिळते, तर व्याजातलं काही मिळत नसेल कशावरून? भाऊ म्हणतो, ताई, असं नसतं ते. त्याला काय कळतंय? तू म्हणशील ती पूर्व दिशा असं चाललंय त्याचं लग्न झाल्यापासून.

खुलासा होईपर्यंत मी बँकेत एक पैसा भरणार नाही. शनिवारी तुझ्या मालकांना भेटणार आहे, हेही आधीच सांगते. पाठीमागून काही करायची मला सवय नाही.

आणि माझ्या दुकानाची किल्ली परत पाठव. संध्याकाळी काजं करायला येतेस, नव्या सत्रात गणवेशांचं काम दोघींनी मिळून घ्यायचं ठरलंय, ते सगळं तूर्त राहू दे. ज्या घरात हिशेब लागत नाही, तिथे भागीदारी करू नये.

भावाला जप म्हणावं. थंडी आहे, कानटोपी घालत नाही तो.

तुझी नणंद

२७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आशीर्वाद लिहिणार होते, पण हात थांबला. नमस्कार घे.

किल्ली पोचली. चिठ्ठीही पोचली. एवढं मोठं पत्र लिहिलं, तर तुझी एकच ओळ आली: ‘वन्सं, मला जे सांगायचं होतं ते मी तुमच्या कॅलेंडरवर लिहिलं आहे.’ वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, ही मला कोडी घालते. कॅलेंडरकडे बघितलं, तर फेब्रुवारीचं पान कोरं होतं. म्हणजे खोटंही बोलते, असं मी मनाशी धरलं.

माझी तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, पण तो दुखणारच. समोरच्या छत्रीवाल्याने दुकान रंगवून घेतलंय, हिरवा रंग, डोळ्यांना अगदी नको होतो. काम भरपूर आहे. तू नाहीस म्हणून काजं साचली आहेत.

मंगळवारची गोष्ट सांगते. एक परिचारिका आहे, माझं नवं गिऱ्हाईक. कोटाच्या बाह्या आखूड करायला दिल्या होत्या. चिठ्ठीवर मी मंगळवार लिहिला होता. मंगळवारी संध्याकाळी ती हजर. कोट खुंटीवरच होता, टाकासुद्धा उसवला नव्हता. मी नेहमीसारखं म्हटलं, अहो, मंगळवार म्हणजे गुरुवार. सगळ्यांना माहीत असतं. तुला ठाऊक आहे ना, बत्तीस वर्षं मी चिठ्ठीवर दोन-तीन दिवस आधीची तारीख टाकते. गिऱ्हाईक उशिराच येतं, आलं तर एक खेप घालतं, कुणाचं काही बिघडत नाही. शिंप्याची तारीख अशीच असते.

तिची बुधवारी सकाळी मुलाखत होती. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, “तारीख पाळायची नव्हती, तर लिहिली कशाला?”

मी तिला स्टुलावर बसवलं आणि तिच्यासमोरच बाह्या उसवायला घेतल्या. पाऊण तासात कोट दिला, पैसे घेतले नाहीत. पण उसवताना माझ्या मनात पाल चुकचुकली, ती काही केल्या गप्प बसेना. जानेवारीतली बँकेची पावती आठवली. मागच्या पत्रात मी पावती आहे असं लिहिलं, तारीख लिहिली नव्हती. मला ती माहीत होती, वहिनी. एकवीस.

बिलावर अठरा होतं. ते मी वाचलं होतं. पण मला वाटलं, अठरा म्हणजे एकवीस. मी चिठ्ठीवर लिहिते तशीच त्यांनी दोन-तीन दिवस हातात ठेवून लिहिली असणार. त्यात अठराला एक ब्लाउज द्यायचा होता. एकवीसला गेले तर पैसे निमूट घेतले त्यांनी. मग मला वाटलं, बघ, बरोबर होते मी.

ती बाई गेल्यावर मी दिव्याखाली बसून कार्डाचे सगळे कागद काढले. सुईत दोरा ओवायचं भिंग घेतलं. मी सही करताना तू मला ते वाचून दाखवत होतीस, तेव्हा मी मान हलवत होते, कारण ती अक्षरं मला दिसतच नव्हती आणि तुझ्यासमोर तसं म्हणायचं नव्हतं. भिंगाखाली सगळं दिसलं. एक हप्ता जरी ठरलेल्या तारखेनंतर आला, तरी बिनव्याजी सवलत रद्द. उरलेल्या सगळ्या रकमेवर महिन्याला शेकडा साडेतीन. माझे अठ्ठावीस हजार उरले होते, त्याचे झाले नऊशे ऐंशी. आणि ज्या सहाशेला मी ‘कसला तरी आकार’ म्हटलं, त्याच्यापुढे स्वच्छ ‘विलंब’ लिहिलं होतं. तो शब्द मी पत्रात मुद्दाम गाळला.

मग उठून कॅलेंडरपाशी गेले. त्याच खिळ्याला मी मापाच्या पट्ट्या अडकवते, तुला माहीत आहे. पट्ट्या काढल्या, जानेवारीचं पान मागे दुमडलेलं होतं ते पुढे घेतलं. लाल पेन्सिलीने तुझं अक्षर: ‘वन्सं, अठराच्या आत. एकोणिसाला सगळी सवलत जाते.’ ताप यायच्या आधी लिहून गेली होतीस तू. आणि मी त्यावर पट्ट्या लटकवल्या. जागा नव्हती म्हणून नव्हे. तू माझ्या भिंतीवर लिहिलंस याचा राग आला होता.

आता बॅगेचंही सांगून टाकते. ती बॅग आधी तू माझ्याकडेच आणली होतीस. ‘वन्सं, कापडं न्यायला होईल तुम्हाला,’ म्हणालीस. मी नको म्हटलं, आणि नंतर त्याच बॅगेवरून तुझ्यावर आळ घेतला. असल्या माणसाशी तू इतकी वर्षं नीट बोललीस कशी, देव जाणे.

मी कशाला केलं हे सगळं, विचारशील. विचारणार नाहीस, पण मीच सांगते. मला तू लबाड निघायला हवी होतीस. भाऊ पूर्वी सगळं मला विचारून करायचा. शर्टाचं बटण तुटलं तरी माझ्याकडे यायचा. तू आलीस आणि बटणं तूच लावायला लागलीस, चांगली लावायला लागलीस. तुझ्यात खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. बिल हातात आलं तेव्हा मला आनंद झाला, वहिनी. नऊशे ऐंशी गेले याचं काही वाटलं नाही.

चौदा तारखेला मी तुझ्या मालकांना काय काय बोलले ते तुला कळलंच असेल. तुला काउंटरवरून काढून आत गोदामात माल मोजायला बसवलंय, हे मला भावाकडून नाही, छत्रीवाल्याकडून कळलं. ‘चौकशी होईपर्यंत,’ असं मालक म्हणाले म्हणे. तीन-चार गिऱ्हाइकांसमोर बोलले होते मी. म्हणून काल दुपारी गर्दीच्या वेळी परत गेले. मालक म्हणाले, आत बसून बोलू. मी म्हटलं, नको, बाहेर बोलले होते, बाहेरच बोलते. मी उशिरा भरले, वहिनींनी मला आधीच सांगितलं होतं, लिहूनही ठेवलं होतं, आणि मी खोटा आळ घेतला, असं मोठ्याने सांगितलं. माझा आवाज तुला माहीत आहे, छत्रीवाल्यापर्यंत गेला असेल. लिहूनही दिलं, पावतीची नक्कल जोडली आणि जानेवारीचं पान फाडून सोबत लावलं. मालकांनी दोनदा वाचलं. सोमवारपासून काउंटरवर बसवतो म्हणाले. नाही बसवलं तर कळव, मी पुन्हा जाईन. तू आत कुठेतरी खोकी मोजत होतीस. आत यायचा मला धीर झाला नाही.

तिथून बँकेत गेले. खुलासा होईपर्यंत भरणार नाही, अशी ऐट केली होती ना, त्यापायी या महिन्याची अठराही गेली. आणखी सहाशे लागले, आणि व्याज वेगळं. तुझ्यावर संशय घेण्याचे पैसे बँकेनं माझ्याकडून वसूल केले. खिडकीवरच्या मुलीला विचारलं, बाई, सगळी थकबाकी आता भरते, पुढे कधी चुकणार नाही, सवलत परत चालू होईल का? ती म्हणाली, नाही. कितीही वेळेवर भरलं तरी एकदा गेलेली सवलत परत येत नाही. फाटलेलं शिवून देण्यात जन्म गेला माझा, पण तिला काय सांगणार? डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे होते, त्यातून सगळं एकदम फेडून टाकलं. ऑपरेशन पुढच्या वर्षी करीन. भाऊ रागावेल, त्याला तूच सांग.

गणवेशांच्या कामासाठी शाळेची बाई आली होती. भागीदाराला विचारून सांगते म्हटलं. तारीख विचारली तिने. मी लिहून दिली नाही.

सोबत किल्ली आहे. पाकिटातून पडू नये म्हणून फडक्यात शिवली आहे. कच्चे टाके घातलेत, दोरा ओढलास की सुटतील. ओढलाच पाहिजेस असं काही नाही. भिंतीवर आता मार्चचं पान आहे, आणि पट्ट्यांसाठी मी दारामागे दुसरा खिळा ठोकला आहे.

बँकेचा नियम मला त्या मुलीने सांगितला. तुझा काय आहे, ते मला माहीत नाही.

उशिरा का होईना, तुझीच,

वन्सं