बिडाचा आवाज

१२ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून शाई वाया घालवते आहे. चार वेळा लावला. आई म्हणते, तो उशाखाली ठेवून वर झोपत असशील.

कामाचं सांगते. चार मजली इमारत, जिन्यामागे हातभर रुंद डक्ट आणि त्यात संडासाचा उभा बिडाचा पाइप. तळमजल्यावर गळतोय, तिथला तुकडा कापून नवा बसवायचा. तू काम सोडल्यापासून एवढं मोठं काम पहिल्यांदाच माझ्या एकटीकडे आलंय. वरच्या तीन मजल्यांचं ओझं क्लॅम्पवर घेतलंय. पण कापायचं कशाने? ग्राइंडर आत फिरत नाही, शिवाय शेजारून विजेच्या तारा गेल्यात, ठिणग्या नकोत. उरली चेन आणि हॅकसॉ. धारदार चाकांची चेन पाइपाभोवती गुंडाळून आवळली की पाइप तुटतो, दोन मिनिटांत काम फत्ते. पण बीड आतून कुजलेलं असेल तर ते तुटायच्या ऐवजी चिरडतं, तडा क्लॅम्पच्या वर पळतो आणि सगळा पाइप खाली येतो. खाली मी. हॅकसॉ बिनधोक, पण दोन-तीन तास खाणार आणि तेवढा वेळ चारही मजल्यांचे संडास बंद. मालक कुरकुरतायत.

तू नेहमी सांगतोस, हातोडीने वाजव. चांगलं बीड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. वाजवलं. मला धड ना हे, धड ना ते, असं काहीतरी ऐकू येतंय. एक दिवस येऊन जा ना. नाहीच जमलं तर तुझ्या फोनवर आवाज पाठवलाय, तो ऐकून सांग. तू म्हणशील तसं करीन.

लोभ आहेच, गुडघ्याची काळजी घे.

तुझी पाचर

&nbsp;

१६ फेब्रुवारी

चि. पाचर हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. लहानपणी मी आणि ताई बोलत बसलो की तू मधे घुसायचीस, म्हणून तुझं नाव पाचर पडलं. आता भिंतींत घुसतेस. नाव सार्थ केलंस.

गुडघा धरलाय, त्यात शेजारणीचं मांजर आठवडाभर माझ्या गळ्यात आहे, तेव्हा येणं होणार नाही. फोनचं म्हणशील तर त्यात माणसं बोलतात की माश्या घोंघावतात तेच समजत नाही. पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

तू पाठवलेला आवाज ऐकला. अगदी खणखणीत आहे, कुठे चीर नाही. बिनधास्त चेन लाव. सगळी चाकं पाइपाला नीट टेकली पाहिजेत. थोडं आवळायचं, चेन जराशी फिरवायची, पुन्हा आवळायचं. एका दमात आवळेल तो अडाणी. दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून वेल्डरच्या पायावर पाइप पडला तो चेन खराब होती म्हणून. तुझी तर नवीकोरी आहे. हॅकसॉने बीड कापणं म्हणजे सुतारकाम, ते आपल्या घराण्यात नको.

ताईला नमस्कार. तुझ्यावर माझा भरवसा आहे, तो लिहून दाखवायची वेळ आणू नकोस.

मामा

&nbsp;

१९ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

काल सकाळी चेन गुंडाळली. आवळायच्या आधी वाटलं, तुला जे ऐकू आलं ते आपणही एकदा ऐकावं. तुला पाठवलेला आवाज लावला. त्यात पाइप नव्हताच. मी चुकून भलताच पाठवला होता. टॉवेलला गंज लागला म्हणून आई माझ्या नावाने शंख करतेय, चांगलं सव्वा मिनिट. घरी येऊन आईला सांगितलं तर हसली, माझा आवाज आहेच खणखणीत म्हणाली.

मला हसू आलं नाही. मी उकिडवी बसले होते, हातात चेनचा दांडा होता आणि डोक्यावर तीन मजल्यांचं बीड.

मामा, तू ऐकलंच नाहीस, की तुला ऐकू आलं नाही? ऐकलं नसशील तर तो आळस, पोटात घालीन. ऐकूच आलं नसेल तर तू मला डोळे मिटून मरायला पाठवत होतास. मला तुझा फार राग आलाय. चेन सोडवून ठेवलीय, मालकांकडून महिनाअखेरपर्यंत मुदत घेतलीय, तळमजल्यावरची माणसं बादली लावून बसलीत. खरं काय ते लिही.

लोभ असावा असं लिहायची आज इच्छा नाही.

पाचर

&nbsp;

२२ फेब्रुवारी

चि. पाचर हिस,
अ. उ. आ.

ऐकू आलं नाही. फोन कानाला लावला तर वारा सुटल्यासारखं काहीतरी होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून खणखणीत लिहून मोकळा झालो.

दोन वर्षांपूर्वीची ती चेनही खराब नव्हती. त्या दिवशी मालक, मालकीण आणि वेल्डर असे तिघं बघत उभे होते. मी पाइप वाजवला, काही कळलं नाही, तरी कळल्यासारखी मान हलवली. वेल्डरच्या पायाची दोन बोटं गेली. तो अजून त्या चेनला शिव्या घालतो आणि मी ऐकून घेतो.

माझ्याकडे एक उपाय आहे. जुन्या स्क्रू ड्रायव्हरचा लाकडी दांडा दातांत धरायचा, टोक पाइपाला टेकवायचं आणि वाजवायचं. मग हाडातून लख्ख कळतं. पण चारचौघांत लाज वाटते. त्या दिवशीसुद्धा तो खिशातच होता.

गुडघा ठीक आहे. मांजर शेजारणीचं आहे आणि शेजारीण घरीच आहे. रविवारी सकाळच्या गाडीने येतो. मी वाजवून बघेन तेव्हा डक्टच्या दाराला कडी लाव, ताईलाही आत घेऊ नकोस.

क्षमा मागायला तोंड नाही. आशीर्वाद तेवढे घे.

मामा

&nbsp;

२८ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाइप बसला. पाणी सोडून बघितलं, थेंब नाही. तू बद्द म्हणालास तो तुकडा मालकांना दाखवला. आत बोट घातलं तर पापुद्रे निघत होते. त्यावर मी चेन आवळणार होते, हे त्यांना सांगितलं नाही. वर जिथे खणखणीत म्हणून तू खडूची खूण केलीस, तिथे हॅकसॉच चालवला. अडीच तास लागले, चार पाती मोडली. सुतारकाम आलं घराण्यात.

तुझा स्क्रू ड्रायव्हर माझ्या पेटीत राहिला. दांड्यावरच्या दातांच्या खुणा मी ओळखल्या. मी सहा वर्षांची होते, तेव्हा याच खुणा दाखवून तू आईला सांगितलं होतंस की पाचर हत्यारं चावते. आईने पाठीत धपाटा घातला होता. मला आजवर वाटत होतं, चावलंच असेल मी. काल माझे दात त्या खुणांवर ठेवून बघितले. बसत नाहीत, खुणा माझ्या आताच्या दातांहूनही रुंद आहेत.

म्हणजे तेव्हापासून, मामा. इतकी वर्षं एकट्याने कशाला सोसलंस? राग होता तो गेला, आता नुसतं वाईट वाटतं. वेल्डरला खरं तूच सांग, ते मी सांगणार नाही. धपाट्याचं आईलाही तूच सांग.

यापुढे फोन करणार नाही, पत्रच लिहीन. लोभ होता तसाच राहू दे.

तुझी पाचर

ता. क. स्क्रू ड्रायव्हर पोस्टाने पाठवत नाही. पुढच्या महिन्यात असाच एक पाइप आहे. ये, आणि दाराला कडी न लावता दातांत धर. मी शेजारी उभी राहीन.