तळघरातले यंत्र भंगारात न काढणेबाबत

प्रति,
मा. उपसचिव इनुझुका साहेब,
निर्लेखन कक्ष, विज्ञान विभाग, तोक्यो.

विषय : तळघरातील हेलियम यंत्राच्या निर्लेखनास स्थगिती मिळणेबाबत.
संदर्भ : यंत्र मोडीत काढण्याचा आपला आदेश, ज्यावर दुर्दैवाने माझाच शिक्का आहे.

महोदय,

अर्जदार कुझुमी तेइजिरो, संचालक, शीतभौतिकी संस्था, त्सुकुबा, हा मुळात भौतिकशास्त्रज्ञ. हेलियम वायू गारठवून त्याचा द्रव करणारे सदर यंत्र त्याने तरुणपणी स्वतःच्या हातांनी जोडले. पुढे एका बैठकीत त्यास झोप लागली नाही, एवढ्या गुणावर त्यास विभागप्रमुख केले. मग उपसंचालक, मग संचालक. दर बढतीला खोली एक मजला वर गेली आणि भौतिकशास्त्र खालीच राहिले.

सदर आदेश वरून आला, तो अर्जदारास मुळीच पटला नाही. वरिष्ठांना तोंडावर 'नाही' म्हणण्याची आपल्याकडे सोय नाही. ज्यास पटत नाही तो शिक्का उलटा मारतो आणि गप्प बसतो, हे आपण जाणताच. अर्जदाराने उलटा मारला. कागद खाली गेला, तो अधीक्षक उसामीबाईंनी पाहिला. "अगं बाई, साहेबांनी नवी पद्धत काढली! चला, आपणही उलटेच मारू." झाले! अख्ख्या संस्थेचे शिक्के उलटे पडले. आपल्या कक्षाने कागदच फिरवून फाईलला लावला व 'एकमताने मंजूर' असा शेरा मारला. धन्य आहे!

त्या यंत्रावर काम करणारे अर्जदाराचे जुने विद्यार्थी मिनेगिशी म्हणाले, "सर, तुम्ही वर गेलात, आता आम्हाला सांभाळाल असं वाटलं होतं हो. तुम्ही तर आमच्यावरच शिक्का मारलात!" खोटे कशाला बोला, अर्जदारास मान वर करवेना.

सबब आज सकाळी अर्जदार कोट काढून तळघरात उतरला आणि यंत्र स्वहस्ते सुरू केले. हात काही विसरले नव्हते. यंत्र गार असेतोवर त्यास कोणी हलवू नये, असा संस्थेचा नियम आहे. संचालकपदाच्या काळात अर्जदाराच्या हातून घडलेले विज्ञान ते एवढेच. भंगारवाले दारात आले होते. उसामीबाईंनी त्यांना नियम वाचून दाखवला, चहा पाजला आणि वाटेला लावले.

तरी स्थगितीबाबत आपण मुळीच घाई करू नये. आपल्या कक्षाच्या नेहमीच्या गतीने निर्णय घ्यावा, ही कळकळीची विनंती. तोवर यंत्र गार ठेवण्यास अर्जदार समर्थ आहे.

आपला आज्ञेबाहेरचा, तरीही नम्र,
(शिक्का, सुलटा)
कुझुमी तेइजिरो
मुक्काम तळघर
दि. ९ डिसेंबर

सोबत : आदेशाची प्रत. कृपया कागद न फिरवता पाहावी.