चार वेळा गेलेला ब्रेक

अमरावती
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. सौ. करिश्मास,

अनेक आशीर्वाद. घरचे सगळे बरे आहेत, असं पत्राच्या पहिल्या ओळीत लिहावं लागतं. या वेळी ते खरंही आहे. तुझ्या सासूचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, झेंडूला लग्नसराईमुळे बरी मागणी आहे, आणि सागर रोज संध्याकाळी साडेपाचला ठिबकचे पाइप बघायला बडनेऱ्याला जातो. तीन आठवडे झाले, पाइप अजून पसंत पडला नाही. तू कॉलेज सुटल्यावर ज्या फलाटावरून अकोल्याची गाडी पकडतेस, नेमक्या त्याच फलाटावर पाइप मिळतात, हे मला कळत नाही असं त्याला वाटतं. वाटू दे. हे पत्र त्याच्याच हाती देतो आहे. एक तरी खेप कारणी लागेल.

फोन का केला नाही, असं तुझ्या मनात येईल. करणार होतो. तुझ्या सासूनं हातातून मोबाइल काढून घेतला. म्हणाली, "फोन नका करू. फोनवर तुमी जिंकता. कागदावर लिहा, मंग पाहू." म्हणून कृषी विद्यापीठाचा पदवीधर चोपन्नाव्या वर्षी फुलांच्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसला आहे. प्रत्येक पान झालं की ती चष्मा लावून तपासते. दोन पानं फाडून झाली.

आधी चांगली बातमी. गाडी बरी झाली. मागे तीन वेळा म्हणालो होतो तशी नाही, खरोखर बरी. आठ दिवसांत मी आणि सागरनं तिला चारशे किलोमीटर फिरवलं, परवा चिखलदऱ्याचा घाट उतरवला. पेडल दाबलं की थांबते. गाडीनं करायची ही अगदी साधी गोष्ट आहे, पण घाटाच्या खाली आल्यावर मी उतरून पाच मिनिटं नुसता एका दगडावर बसलो होतो. सागर विचारत होता, काय झालं. काही झालं नव्हतं, म्हणूनच बसलो होतो.

आता झालं कसं ते.

ब्रेक एकंदर चार वेळा गेले. पहिल्यांदा जूनअखेर, तिवशाकडच्या शेतातून येताना. पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं आणि गाडी एका ढाब्याच्या अंगणातल्या खाटेला टेकून थांबली. खाटेवर कोणी नव्हतं, नाही तर आज मी हे वेगळ्या पत्त्यावरून लिहीत असतो. दुसऱ्यांदा रिद्धपूरच्या रस्त्यावर, पोळ्याच्या आदल्या दिवशी. समोरून धुतलेल्या बैलांची जोडी येत होती. मी हॉर्न दाबायच्या आत बैल बाजूला झाले. गाडीचं काही खरं नाही हे त्यांना माझ्याआधी कळलं. चौथ्यांदा आत्ता, २२ नोव्हेंबरला. तिसऱ्या वेळेचं पुढे लिहितो.

पहिल्या तिन्ही वेळी गाडी नागपूरच्या त्या काचेच्या वर्कशॉपमध्ये गेली. ते पॅड बदलायचे, पंप बदलायचे, कॉफी पाजायचे. तोवर गाडी गार झालेली असायची आणि गार गाडीचे ब्रेक उत्तम लागायचे. टायवाल्या साहेबानं एकदा विचारलंही, की बाहेर कुठे काही भरलं होतं का. मी म्हणालो, आमच्याकडे गाडीला कोणी हात लावत नाही. हे वाक्य लक्षात ठेव. मी विसरायचा खूप प्रयत्न केला.

यंत्रात दोष सापडेना, तेव्हा मी तो माणसात शोधला. सापडलाही लगेच. खुशालराव. अकरा वर्षं वापरलेली परदेशी गाडी व्याह्यानं गोड बोलून माझ्या गळ्यात बांधली, असं मी फुलबाजारात सांगितलं, शेतात सांगितलं, दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. माझ्या बोलण्याला लोक हसतात, ही माझी जुनी खोड आहे. हसले की मी पुढचं वाक्य जास्त धारदार करतो.

दहा नोव्हेंबरला अकोल्यात तुझ्या मामेबहिणीच्या साक्षगंधात काय बोललो, ते तुला पाठ असेल. तरी तुझी सासू म्हणते की लिहा, शब्द न बदलता लिहा. तर लिहितो. भरल्या पंगतीत मी म्हणालो, "खुशालरावांनी पोरगी दिली अन् वरून पोरीच्या सासऱ्याले वर पाठवाची सोयही करून दिली. असा व्याही नशिबानं भेटते." सव्वाशे माणूस हसलं. तुझे बाबा हसले नाहीत. अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला गेले, ते परत आले नाहीत. तू कढी वाढत होतीस. माझ्यापर्यंत आलीस आणि हळूच म्हणालीस, "बाबा, माझ्या बाबांनं ती गाडी तुमाले नाही म्हणून तीनदा सांगितलं होतं." मग पुढच्या पानावर कढी वाढलीस. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तू गाडीत बसली नाहीस.

बरोबर आहे. तीनदाच. पहिल्यांदा म्हणाले, जुनी झाली. दुसऱ्यांदा म्हणाले, सुटे भाग मिळत नाहीत. तिसऱ्यांदा मला अंगणात बाजूला नेऊन म्हणाले, "सहदेवराव, नात्यात गाडी नको." मी ऐकलं नाही. मला ती गाडी बसायला नकोच होती, उतरायला हवी होती. पहाटेच्या फुलबाजारात, टोपल्या उतरवणाऱ्या सगळ्यांसमोर, त्या उंच पायरीवरून. मे महिन्यात पंधरा दिवस मी तसा उतरलोही. मग कोणी बघेनासं झालं.

चौथी वेळ. मी सगळ्यांना सांगितलं होतं, अकोल्याला विद्यापीठात बियाणं बघायला जातो. तुझी सासू सोबत निघाली आणि तिच्या पिशवीत तुझं स्वेटर होतं. आम्ही दोघं बियाणं बघायला निघालो होतो. मूर्तिजापूर सोडल्यावर पुढे कापसाचा ट्रक, लादलेला, डावीकडे डुलणारा. त्यानं वेग कमी केला, मी ब्रेक दाबला, पाय तळाला. गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला, आणि डाव्या हाताला एका शेताच्या कडेला मळणी झालेल्या सोयाबीनच्या कुटाराचा मऊ ढीग दिसला तो मला त्या क्षणी देवळासारखा वाटला. आत शिरलो. काचांपर्यंत कुटार. मी डोळे उघडले तर तुझी सासू केसांतलं कुटार काढत होती. म्हणाली, "उतरू का, का अजून पुढं जायचं हाये?"

कोणाला खरचटलंही नाही. हे दोनदा लिहावंसं वाटतं. कोणाला खरचटलंही नाही.

मूर्तिजापूरहून देवराव मिस्त्री आला. ट्रॅक्टरचा मिस्त्री, मोटारसायकलवर, हत्यारं पोत्यात. परदेशी गाडी बघून मी त्याला जरा सांभाळून बोललो, की ही साधी नाही, नागपूरला पण कळलं नाही. त्यानं ऐकून घेतलं. बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण काढलं. झाकणाच्या आतलं रबर रात्रभर भिजलेल्या हरभऱ्यासारखं फुगलं होतं. त्यानं तेलात बोट बुडवलं, चोळलं, हुंगलं.

"हे कारचं तेल नाही, सायेब. हे आपल्या ट्रॅक्टरचं हाये. कोनं टाकलं?"

करिश्मा, इथे पहिलं पान फाटलं होतं. तेव्हा मी लिहिलं होतं की मी मान खाली घातली. मी मान खाली घातली नाही. मी म्हणालो, "आधीच्या मालकानं टाकलं असन."

देवराव म्हणाला, "त्यायनं टाकलं असतं तं गाडी कवाच बसली असती. हे ताजं हाये. महिन्याच्या आतलं."

मग तुझी सासू माझ्याकडे वळली. तिला विचारायची गरज नव्हती, शेतातल्या शेडची किल्ली आमच्या घरात एकाच माणसाच्या कमरेला असते.

मी टाकलं. जूनमध्ये गाडीत लाल दिवा लागला. पुस्तकात बघितलं, ब्रेकचं तेल कमी. शेडमध्ये ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा होता. ट्रॅक्टरचे ब्रेक त्याच तेलात बुडालेले असतात. जे तेल खताची भरलेली ट्रॉली थांबवतं, ते ही गाडी का थांबवणार नाही, असा मी विचार केला. शिकलेल्या माणसाचा विचार. कारच्या ब्रेकची रबरं त्या तेलात फुगतात, गाडी तापली की अडकतात, आणि मग पेडल रिकामं जातं. देवरावनं हे मला चार वाक्यांत सांगितलं. आणि ऐक, दर दुरुस्तीनंतर गाडी घरी आली की मी काळजी म्हणून पुन्हा थोडं वरून टाकायचो. वर्कशॉपवाले दुरुस्त करायचे, मी परत बिघडवायचो. पाच महिने आमचं असं एकमतानं काम चाललं होतं. पुढे पुढे शंका यायला लागली होती, ते मी लपवत नाही. पण शंका खरी निघाली असती तर साक्षगंधातलं वाक्य परत घ्यावं लागलं असतं. म्हणून मी डब्याकडे बघायचंच सोडून दिलं होतं. टाकायचं मात्र सोडलं नाही.

गाडी मूर्तिजापूरला ओढून नेली. आम्ही एसटीनं परत आलो. तुझी सासू बडनेऱ्यापर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. बडनेऱ्याला, स्टेशनकडचा फाटा आला तेव्हा, बाहेरच बघत म्हणाली, "तिसऱ्या वेळी गाडीत कोन होतं?"

तू होतीस.

दसऱ्याला मी गाडीची पूजा केली. आपल्याच झेंडूचा हार घातला, बॉनेट उघडून आत हळदकुंकू वाहिलं आणि तेवढ्यात ते तेलही वाहिलं. चार दिवसांनी तू कॉलेजला निघालीस. राजापेठच्या उड्डाणपुलाच्या उतारावर पेडल खाली गेलं. समोर संत्र्याची हातगाडी होती, तिच्याजवळ एक बाई लहान मुलीला घेऊन उभी होती. तू गाडी दुभाजकावर घातलीस. शुद्धीवर असलेला माणूस जे करेल ते केलंस. मी तर चारही चाकं देवावर सोडली असती.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "अकोल्याच्या सपाट रस्त्यावर शिकलेल्याले उतार काय माहीत." सागर हसला नाही, म्हणून मी ते पुन्हा म्हणालो. तुझं उजवं मनगट सुजलं होतं. तू डाव्या हातानं जेवत होतीस. मला ते दिसत होतं.

माझ्या हातून ब्रेक गेले की दोष तुझ्या बाबांचा, तुझ्या हातून गेले की दोष तुझा. आणि डबा माझ्या शेडमध्ये. मी तुला मारलं असतं, करिश्मा. ती हातगाडीजवळची मुलगी पण. हे वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले. आता लिहिल्यावर छातीवरचा एक दगड उतरल्यासारखं वाटतं आहे. इतकं हलकं वाटायचा मला खरं तर काही अधिकार नाही, पण वाटतं आहे, आणि खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे. तू जिवंत आहेस. तू रोज साडेपाचला त्या फलाटावर दोन्ही हातांनी पिशवी धरून उभी असतेस, असं आमचा पाइपवाला सागर सांगतो.

देवरावनं सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, नवं तेल भरलं. डबी बंद करताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता हात नका लावू." मी लावत नाही. डबा शेडमधून सागरकडे गेला, किल्लीही.

फुलबाजारात मी गुरुवारी सांगून टाकलं, न्हाव्यालाही सांगितलं. बाजार दीड दिवस हसला. तिथलं फेडून झालं. राहिले अकोल्याचे सव्वाशे. पंधरा तारखेला तुझ्या मामेबहिणीच्या लग्नात ते सगळे असतील. जेवणं सुरू व्हायच्या आधी मी उठून बोलेन. किस्सा करून सांगणार नाही, साधं सांगेन. तुझ्या बाबांना मात्र ते त्या मंडपात पहिल्यांदा ऐकावं लागू नये. म्हणून हे पत्र त्यांना वाचून दाखव, सगळं, मधलं काही न गाळता. मी रविवारी, आठ तारखेला, सकाळच्या एसटीनं एकटा येतो. दार उघडायचं की नाही ते त्यांनी ठरवावं. परतीची बस मला माहीत आहे.

तू परत ये, असं या पत्रात मी कुठे लिहिलेलं नाही. ते विचारायची जागा मी घालवली. सागरलाही बजावलं आहे, की तिला पाइपबद्दलच विचार. तुझी सासू मात्र आत्ता पाठीमागे उभी राहून हे वाचते आहे आणि म्हणते, "लिहा, ती आली नाही तं मीच जातो अकोल्याले राहाले." लिहिलं.

तुझ्या मनगटाची क्षमा मागतो. खुशालरावांना माझा नमस्कार सांग, घेतला तर.

गाडी बिघडवणारा,
सहदेव

खाली 'तुझे बाबा' लिहायची सवय आहे. ते या वेळी कोरं ठेवलं. तू म्हणशील तेव्हा लिहीन.