चकतीमागचं पाणी

परळ, फेब्रुवारी १९५६

सौ. बकुळास जयभीम.

मी बरा आहे. गोळीबार थांबला, कर्फ्यूही उठला. घरची तार आली तेव्हा मात्र बोटीच्या धक्क्यापर्यंत जाता आलं नाही.

तुझा डोळा लागला, पोरीच्या तापल्या कपाळावरची ओली पट्टी सुकली आणि म्हणून चंपा गेली, असं तू लिहितेस. तसं मनात आणू नकोस.

प्रयोगशाळेतलं माझं काम तुला ठाऊक आहे. यंत्रातून सुटलेले अणूचे कण तांब्याच्या चकतीवर आदळतात. ती वितळू नये म्हणून मी तिच्यामागून पाणी फिरतं ठेवतो. परवा पाणी जोरात चालू होतं, माझा हात नळीवरच होता, तरी चकतीला भोक पडलं. साहेब म्हणाले, "तुझी चूक नाही. एवढी उष्णता पाणी तरी किती ओढून नेणार?" इथे पंप असून ही गत, तर तू एका फडक्याने काय करणार होतीस?

साहेबांनी लगेच दुसरी चकती दिली. मी बसवली.

आईचा खोकला कसा आहे? तू जेवतेस ना?

शनिवारच्या बोटीने निघतो. तोवर चंपाचं झबलं धुऊ नकोस.

तुझा,
रामजी