धुतलेला कोट

पोरी,

दार दोनदा वाजवलं, तू कडी काढली नाहीस. म्हणून चिठ्ठी दाराखालून सरकवतेय. काळ्या कानाची मेंढी अडलीय. कोकराचा एकच पाय बाहेर आलाय, आणि मी जवळ गेले की ती उठून पळते. डॉक्टरांचा फोन लागत नाही, त्यांना आणायला निघालेय.

तुझ्या बाबांनी मला या घरात आणल्यापासून तुझ्या आईचा कोट मी घालायचे, पण मिरवायला नाही. त्याला तिचा वास होता, म्हणून मेंढ्या मला जवळ येऊ देत. काल रागाच्या भरात तू तो साबणाने धुतलास. आता त्यांनाही मी परकी. असो, ती भांडणं नंतर.

आधी गोठ्यात जा. पाय अजिबात ओढू नकोस. दारातूनच मेंढीला हाक मार. तुझा आवाज थेट आईचा आहे, ती थांबेल. मग डोकं मांडीवर घेऊन बोलत बस.

कोट चुलीपाशी वाळलाय. थंडी आहे, तूच घाल.

मला तू कधी काहीच म्हणून हाक मारली नाहीस, चालेल. तिला मात्र हाक मार.