न बिघडणारा पंप

ता. ३, सोमवार

चि. मास्तरीणबाईंस आजीचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. उन्हावरचा पंप आल्यापासून शेतात काय बदललं ते लिहून दे, तिसरीच्या पोरांना वाचून दाखवते म्हणतेस. मी दुसरी नापास. माझं अक्षर बघून पोरं हसली तर हसू दे, तू हसू नकोस.

आधी डिझेलचं इंजिन होतं. तेल ओता, चाक गरगर फिरवा, मग ते सगळ्या शिवाराला शिव्या घालत चालायचं. धूर असा की वाळत घातलेले कपडे परत धुवायचे. आता छपराएवढ्या काळ्या पाट्या उभ्या केल्यात. ऊन आलं की पंप आपणहून सुरू, ऊन कललं की आपणहून बंद. तेल नाही, धूर नाही, आणि टोमॅटोला पोटभर पाणी. एवढं वाचून दाखव.

पुढचं वाचू नकोस. इंजिन सारखं रुसायचं, मग इंजिनवाला यायचा. दुरुस्ती थोडी, बसणं फार. माझा चहा पिऊन माझ्याच चहाला नावं ठेवायचा. कोण कोणाशी भांडलं, कोणाचं कुठे जमलं, सगळं सांगून जायचा. हा नवा पंप मेला बिघडतच नाही. त्यामुळे फाटकही वाजत नाही. परवा कोंबडीशी बोलत बसले होते, तीसुद्धा उठून गेली.

पोरांना घेऊन येईन म्हणाली होतीस. मला घाई नाही. मी कुठे जाणार आहे?

माया आहे तेवढी पुरे, पत्राची लांबी वाढव.
आजी


ता. ९, रविवार

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्गात वाचलं. इंजिन शिव्या घालतं म्हटल्यावर पोरं एवढी हसली की शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून गेल्या. वाचण्याच्या भरात मी तुझ्या चहापर्यंत जाऊन पोचले, तेव्हा कुठे थांबले. पहिल्या बाकावर पुढचे दात पडलेली एक मुलगी आहे. तिने विचारलं, पंप बिघडत नाही तर इंजिनवाले काका आता चहा कुठे पितात?

धडा नीट चाललाय असं म्हणवत नाही. फळ्यावर सूर्य काढला, पाट्या काढल्या, बाण काढले. तेल संपतं, ऊन संपत नाही, हे सगळ्यांना पाठ आहे. पण उन्हावर चालणारा खेळण्यातला पंखा नेला तो फिरेचना. आमच्या वर्गात ऊनच येत नाही. शेवटी एकाने विचारलं, बाई, हे खरं असतं का? म्हणून तुझ्याकडे आणायचं होतं. पण मुख्याध्यापक म्हणाले, चालू पंपात बघण्यासारखं काय आहे, तक्ता दाखवा. तेव्हा येणं रद्द. रागावू नकोस.

माझ्याही खोलीवर कोणी येत नाही. संध्याकाळी वह्या तपासते आणि वह्यांनाच रागावते.

माझ्यावरचा लोभ कोंबडीला देऊ नकोस.
तुझी नात


ता. १४, शुक्रवार

चि. बाईंस आशीर्वाद.

चालू पंपात बघण्यासारखं काही नाही ना? मग तुझ्या मुख्याध्यापकांना सांग, आता बंद पडलाय.

मीच पाडला. पंपाच्या पेटीतली एक वायर ओढली. म्हटलं, इंजिनवाला येईल. आलाही. हात मागे बांधून पेटीकडे नव्या सुनेकडे बघावं तसा बघत राहिला. म्हणाला, आजी, यात ना तेल ना पट्टा, मी हात घालणार नाही. चहा प्यायला, नावं ठेवली. बरं वाटलं. तो गेल्यावर वायर परत खोचली, तर लाल दिवा लागला आणि पंप ढिम्म. कंपनीवाले म्हणतात, नंबर लागेल तेव्हा माणूस येईल. इंजिन भंगारात गेलं. विहिरीतून कळशीने ओढून ओढून खांदा गेला. ऐन फळ धरायच्या वेळी टोमॅटोंनी माना टाकल्यात. आणखी आठवडाभर असंच राहिलं तर सगळा मळा जाईल.

मी बोलावत नाही. नुसतं कळवते.

आहे तशीच,
आजी


ता. १७, सोमवार

ती. आजीस नमस्कार, रागातला.

त्या पेटीला परत हात लावलास तर बोलणार नाही. उन्हात त्या वायरींत जीव घेणारा झटका असतो. तिसरीला शिकवते आणि घरी सांगायचं राहिलं.

तुझं पत्र मुख्याध्यापकांपुढे ठेवलं. वाचून चष्मा पुसला. मग म्हणाले, शनिवारी न्या पोरांना, प्रत्येकाला एक डबा आणायला सांगा. कंपनीलाही त्यांनीच फोन करून झापलं. जाता जाता विचारलं, चहा खरंच इतका वाईट असतो का.

शनिवारपर्यंत जपून राहा, बाकीचं भेटीत.
तुझी नात


ता. २५, मंगळवार

चि. बाईंस आजीचे अ. उ. आ.

तुझ्या पोरांनी डबे भरभरून पाणी घातलं, निम्मं टोमॅटोला, निम्मं एकमेकांना. टोमॅटोची एक ओळ उन्हाने मेली, एक पोरांच्या पायांनी. बाकी मळा उभा आहे.

तू दूर बांधावर होतीस तेव्हा कंपनीच्या माणसाने मला विचारलं, वायर उलटी खोचलीत, मरायचं होतं का? मी म्हटलं, तेवढी सवड नाही. त्याने ती सुलट खोचली आणि पाणी आलं, तेव्हा पोरं काय किंचाळली! ढग आला की धार बारीक, गेला की जाड. सगळी हात वर करून ढगाला हाकलत होती. आणि तो पंखा अंगणात गरगरला, तेव्हा खरं असतं का विचारणारा तुझा तो शहाणा तोंड उघडं टाकून बघत होता. गर्दी बघून आलेल्या इंजिनवाल्याला दात पडलेलीने गाठलंच, चहा कुठे पिता म्हणून. तो म्हणाला, इथल्यापेक्षा घरचा बरा. आणि दोन कप प्यायला.

तू मात्र कामातच. माझ्यापाशी टेकायच्या आत पोरं मोजत गाडीत चढलीस. मोजायचीच असतात, मी काही म्हणत नाही. गाडी वळली आणि पुन्हा तेच. पंप चालतोय, आवाज नाही.

त्या दात पडलेलीने वेणीची लाल रिबीन सोडून पेटीच्या कडीला बांधलीय. आजीने हात लावायचा नाही, असा मला दम भरून गेली. रोज सकाळी जाऊन बघते. गाठ घट्ट आहे. मी सोडलेली नाही.

पुढच्या सुट्टीत एकटी ये, राहायला. नाही आलीस तर गाठ सोडायला मला कितीसा वेळ लागतो?

वाट बघत नाही, फाटक तेवढं उघडं ठेवते.
आजी